भिंतीवरचे काळे ठिपके

पावसाळा लागला की आमच्या दादरच्या बिऱ्हाडातली मागच्या खोलीची भिंत आधी पोपडे धरायची, मग काळे ठिपके, मग तो कुबट वास. लोणच्यावर बुरशी दिसली तर गृहिणी हळहळते. भिंतीवर दिसली तर आपण तिथे कॅलेंडर टांगतो!

ती खोली माझ्या धाकट्या बहिणीची. तिला आधी खोकला झाला, मग थकवा जडला. साधासुधा नव्हे, बादलीभर कपडे पिळले की पुढचे दोन दिवस अंथरूण. रक्त तपासले, सारे ठीक. नातलगांनी निदान केले : आळस! तो शब्द मला अजून झोंबतो. अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २०१५ साली या दीर्घ थकव्यावर अहवाल काढला. हा शरीराचाच गंभीर आजार आहे आणि श्रमानंतर प्रकृती ढासळणे ही त्याची खूण, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे.

मग गुन्हेगार भिंतच? आईचा तसा ठाम ग्रह आहे. पण याच संस्थेने २००४ साली ओलसर घरांची छाननी केली, तेव्हा खोकला, छातीतली घरघर, दमेकऱ्यांचा बळावणारा दमा यांचे ओलीशी नाते सापडले. थकव्याशी जोडावे इतका पुरावा मिळाला नाही. उत्प्रेक्षेतला ‘जणू’ गाळला की रूपक होते. वैद्यकात गाळला की घरोघरची खात्री होते.

गच्चीची गळती बुजवली, भिंत खरवडून घेतली. बहिणीचा खोकला गेला. थकवा आहेच. परवा तिच्या हातातून चकलीचा सोऱ्या काढून घेतला, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.