सेवाग्रामच्या सहलीत भेटले झाकिर साहेब

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. यंदा आम्ही कामठीहून आमच्या उर्दू शाळेच्या नववीच्या मुलामुलींची शैक्षणिक सहल तिथे नेली.

एवढ्या मोठ्या नेत्याचे घर म्हणजे हवेलीच असणार, अशी मुलांची कल्पना होती. समोर दिसल्या मातीच्या भिंती, बांबू, कवेलू आणि सारवलेली जमीन. “सर, इतक्याशा घरात?” जो तो विचारू लागला. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. बापूकुटीत देशभरचे पुढारी जमिनीवर बसून बोलत, हे सांगितल्यावर मुले जरा शांत झाली.

आम्हाला मात्र मुलांना आणखी एका माणसाची ओळख करून द्यायची होती. झाडाखाली डबे उघडले आणि आम्ही विषय काढला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. मुलांना सात वर्षे मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधाराने मिळावे, असा विचार तिथे मांडला गेला. हीच नई तालीम. जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन त्या परिषदेत होते. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च काढण्यावर जास्त भर दिला, तर शिक्षक गरीब मुलांना राबवून घेतील, असे त्यांनी गांधीजींसमोर स्पष्ट सांगितले. गांधीजींना राग आला नाही. अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर साहेबच झाले. पुढे १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले.

हे सांगण्याचे कारण होते. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील वेल्डिंग, शिलाई, गॅरेजचे काम करतात. वडिलांचा व्यवसाय विचारला की मुले मान खाली घालतात, नाहीतर ‘बिजनेस’ म्हणून मोकळी होतात. शिकायचे ते हातकामातून सुटण्यासाठीच, असे त्यांच्या मनात पक्के बसले आहे.

“सर, वेल्डिंगमध्ये पण गणित असते का?” एकाने हळूच विचारले. आम्ही उत्तर देण्याआधीच शेजारचा म्हणाला, “काटकोन चुकला तर गेट बसेल का?” एक मुलगी म्हणाली, “अम्मी कापड बेतते, तीही भूमितीच.” चरखा पाहून आलेल्या एका मुलाने सांगितले, त्याचे दादा विणकर होते आणि तुटलेला धागा असाच चिमटीत जोडत. वर्षभरात तो पहिल्यांदाच घराविषयी बोलला.

परतताना आम्ही सर्वांना एकच गृहपाठ दिला: घरातल्या कामाविषयी एक पान लिहा आणि त्यात लागणारे गणित शोधा. पालकांना विनंती आहे की मुले विचारायला आली, तर “तू फक्त अभ्यास कर” म्हणून त्यांना परत पाठवू नका. त्यांना जवळ बसवा, माप कसे घेतात ते दाखवा. तोही अभ्यासच आहे.