सरोवराकाठची तिन्हीसांज

हरमुखाच्या पायथ्याशी, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, गंगाबल सरोवर आहे. त्यातला ट्राउट मूळचा काश्मीरचा नव्हे; त्याची अंडी १९०० साली स्कॉटलंडहून आणली. सॅमनच्या कुळातला हा मासा, आपल्यासारखाच बदलीवर आलेला, येथे चांगला रुळला.

गळ केव्हा टाकावा? जाणकार पहाट सांगतात. माशाला पापण्या नसतात. ऊन चढले की तो खोल पाण्यात उतरतो. तेव्हा मंद उजेडाची वेळ बरी, हे खरेच. परंतु इतक्या उंचीवर पहाटेच्या गारठ्यात कीटकही उडत नाहीत. दिवसाच्या उन्हाने ते बाहेर पडतात आणि सूर्य शिखराआड गेला की पाण्यावर वलये उमटू लागतात. म्हणून माझा कौल संध्याकाळला.

याला आणखीही एक कारण आहे. परमुलखात चाकरी करणाऱ्यास तिन्हीसांजेइतकी कठीण वेळ नाही. कचेरी सुटलेली असते आणि तिकडे घरी देवापाशी दिवा लागला असेल, हा विचार मनातून हलत नाही. रजेच्या चार दिवसांत, खिशात परवाना घालून, मी सरोवराकाठी उभा राहतो, तेव्हा मात्र तीच वेळ लवकर सरू नये असे वाटते. मग मासा गळाला लागो वा न लागो.