फाल्गुनात हलवलेला मोगरा

जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं आणि पायाची आखणी नेमकी सासूबाईंच्या बटमोगऱ्यावरून गेली. झाड हलवायचं ते मृगाचा पाऊस पडल्यावर, हे उमरखेडात कुणीही सांगेल. पण गवंडी होळी झाली की येणार होता.

आदल्या संध्याकाळी बुंध्याशी भरपूर पाणी सोडलं. कोरडी काळी माती ढेकळं होऊन सुटते आणि सोबत मुळंही तोडते. ओल असली की हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, अख्खी निघते. फांद्या निम्म्याने छाटल्या, कारण तुटक्या मुळांना तेवढ्या पानांची तहान भागवता येत नाही. हुंडी गोणपाटात बांधून परसात नेली. नव्या खड्ड्यातल्या मातीत वाळू, कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळली.

खरं काम त्यानंतरचं. पैनगंगेकाठची आमची जमीन पाणी कमी पडलं की भेगाळते, जास्त झालं की मुळं कुजवते. थोड्याच दिवसांत हुंडी आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली. बाहेरून झाड ठीक दिसतं, पण त्या फटीतून गरम हवा थेट मुळांना लागते. मी चाळलेली माती फटीत ओतून पाण्याने बसवली, आळ्यात सोयाबीनचं कुटार पसरलं, पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा आडोसा केला आणि वरून जुनं लुगडं बांधलं. शेजारच्या काकू रोज म्हणायच्या, "दोन तांबे अजून घाला ना." मी आधी मातीत बोट घालून बघायची. ओल लागली तर पाणी नाही.

पानं सगळी गळाली. सासूबाईंनी झाड गेलंच म्हटलं. नखाने साल खरवडली तर आत हिरवं होतं. चैत्रात पेरांवर डोळे फुटले आणि मागोमाग कळ्याही आल्या. आधी मुळं धरू देत, म्हणून त्या मी खुडल्या. सासूबाई दोन दिवस नीट बोलल्या नाहीत!

अमेरिकेतल्या भाचीनेही एकदा पिओनी हलवली होती. ते थंडीचं झाड, तिकडे शरदात हलवतात. जमिनीखालचे डोळे दोन इंचांपेक्षा खोल गेले तर फुलतच नाही, आणि एरवीही वर्ष-दोन वर्षं रुसतं म्हणे. मोगऱ्याचं तसं नाही. त्याला ऊन हवंच, पण मुळं धरल्यावर.

पारा ४२ अंशांवर गेला तेव्हा लुगडं अजून बांधलेलंच होतं. पाऊस लागला तसं ते सोडलं, आणि शेणखताचा दुसरा हप्ता दिला तोही तेव्हाच. तोवर रासायनिक खताचा दाणाही टाकला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात देवाला पुरून गजऱ्यापुरती फुलं निघाली.

हाताशी वेळ असेल तर मृगाचीच वाट बघा. नसेल, तर आधी सावलीची सोय करा, कुदळ मग उचला.