जांभळाखालचा वर्गमित्र

आपल्या शाळेच्या मैदानावर पहाटे साडेपाचला घंटा होई आणि वंदना आटोपताच आम्ही सारे रांगेत उभे राहत असू. थंडीत दात वाजत, तरी हात वर जात, पाठी वाकत, आणि कोणाचे कपाळ गुडघ्याला टेकते याची आपसांत चुरस लागे. आमच्या तुकडीतला एक मुलगा मात्र रांगेत नसे. लहानपणी पोलिओ होऊन त्याचा डावा पाय बारीक झाला होता. पायाला लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आणि काखेत कुबडी. मैदानाच्या कडेच्या जांभळाखाली बसून आमच्या चपला सांभाळणे, हे काम त्याच्याकडे आपोआप आले होते. कोणी त्याला तसे सांगितले होते, असे आम्हांला आठवत नाही. आणि कोणी त्याला रांगेत बोलावले होते, असेही आठवत नाही. पाच वर्षे हा क्रम चालला.

आम्ही चौघे त्याच तुकडीतले. पोटापाण्यासाठी नवी मुंबईत आलो, नोकऱ्या सांभाळून योगशिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि करावे गावात सकाळचा वर्ग सुरू केला. करावे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी संपादित झाल्या, भोवती उंच इमारती उठल्या, पाम बीच मार्ग आला. तरी गावाचे तोंड अजून खाडीकडेच आहे. हिवाळ्यात पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात आणि त्यांना पाहायला शहरातून माणसे येतात. आमच्या वर्गाला येणाऱ्या बायकांना त्या पक्ष्यांचे फारसे कौतुक नसे. त्यांचे सारे लक्ष गुडघ्यांकडे. जन्मभर चिखलात उभे राहिलेले, उकिडवे बसून मासळी साफ केलेले, डोक्यावरच्या पाटीचा भार वाहिलेले ते गुडघे. पहिल्याच दिवशी एक मावशी दारातूनच म्हणाल्या, "मना खाली बसाला नाय जमत, पोरांनो." आम्ही त्यांना, जमेल तेव्हा या, असे सांगून परत पाठवले. त्या वेळी यात काही चुकले, असे आम्हांला वाटलेही नाही.

वाटले ते काही महिन्यांनी. सत्तरीच्या एक आजी नियमाने येत. पश्चिमोत्तानासनात त्यांचे कपाळ गुडघ्यांपासून वीतभर दूर राही. आमच्यापैकी एकाने (कोणी, याला महत्त्व नाही, चौघेही तसेच करत होतो) त्यांच्या पाठीवर तळवे ठेवून हलका दाब दिला. आजी "आई गं" म्हणाल्या आणि तशाच राहिल्या. मणक्याचा अस्थिभंग निघाला. हाडे मुळातच ठिसूळ झाली होती, हे डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र दाखवून समजावले. ठिसूळ हाडांच्या माणसाला पाठीतून जोराने पुढे वाकवू नये, हे वाक्य आमच्या वहीत होते. आजींना मात्र आम्ही कधी काही विचारलेच नव्हते. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी अंथरुणावरूनच सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाल्या, "मीच घाय केली." दाराशी उभा असलेला त्यांचा मुलगा एक शब्दही बोलला नाही. तो चहा आम्ही कसाबसा संपवला.

वर्ग तीन महिने बंद ठेवला. त्या काळात आम्ही रजा काढून पुण्याला अय्यंगार परंपरेतल्या शिक्षकांकडे जाऊ लागलो. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि १९७५ साली त्यांनी रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट उभी केली. मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी ज्याचे बालपण पोखरले होते, असा हा माणूस. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनाही लहानपणीच मूत्रपिंडाच्या विकाराने गाठले होते. आजारी शरीर म्हणजे काय, हे या घराला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पाठ काढून टाकलेली घडीची खुर्ची, भिंतीतले दोर, लाकडी विटा, पट्टे, लोड, घड्या घातलेली घोंगडी या साध्या वस्तूंनी त्यांनी आसन माणसापर्यंत आणले. तोवर आम्ही माणसाला आसनापर्यंत ओढत होतो.

महाराष्ट्रात या विचाराचा आणखी एक जुना झरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून यौगिक क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांनी आणि मोजमापाने तपासायला घेतला. योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या त्या पिढीपेक्षा आज, योगाने कोणताही रोग बरा होतो असे सांगणाऱ्यांचा आवाज मोठा झाला आहे, याची आम्हांला खंत वाटते. आमच्याच वर्गातल्या एका गृहस्थांनी अशी काही भाषणे ऐकून मधुमेहाची औषधे परस्पर बंद केली होती. त्यांना पुन्हा दवाखान्यात पाठवणे, हा आम्ही दिलेला सर्वांत उपयोगी पाठ असावा. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाने योगशिक्षक आणि योगोपचारक यांचे मार्ग वेगळे ठेवले आहेत, ते योग्यच आहे. आम्ही शिक्षक आहोत. उपचार करणारे नव्हे.

वर्ग पुन्हा सुरू झाला तो बारा खुर्च्यांसह. दारातून परत गेलेल्या मावशींच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आलो. वर्गातली पहिली खुर्ची त्यांची. पुढे आसपासच्या वसाहतींतले तरुण शिक्षक शिकायला येऊ लागले. त्यांना पहिल्या आठवड्यात आम्ही एकही आसन शिकवत नाही, विचारायला शिकवतो. तेही चारचौघांत नव्हे, बाजूला बसवून. कारण माणसे आजार लपवतात. रक्तदाबाची गोळी घेणारा गृहस्थ शेजाऱ्यादेखत तसे सांगत नाही, आणि मग श्वास रोखून धरतो किंवा डोके खाली, पाय वर करायला धजतो. काचबिंदू बाहेरून दिसत नाही. पण त्या माणसाचे डोके हृदयाच्या खाली गेले की डोळ्यातला दाब वाढतो. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात, म्हणून वृक्षासन भिंतीशेजारीच. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. त्यांतले कित्येक वर्गाच्या दारात उभे राहून पाहिले तर ओळखू येणार नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक नवशिक्या शिक्षकाने संपूर्ण तास खुर्चीतून न उठता घ्यायचा असतो. पहिली दहा मिनिटे हसण्यात जातात. मग त्याला कळू लागते की हात लावून दुरुस्त करण्याची सोय गेली, आता शब्दच नेमके हवेत. समोरच्याचा चेहरा, ओठ आणि श्वास पाहावा लागतो. श्वास अडकला तर आसन तिथेच थांबवायचे. श्वासाकडे नुसते पाहत बसणे आपल्याला शाळेतच शिकवले होते. त्याला सरळ पाय लागत नाहीत, हे मात्र तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात जांभळाखालचा आमचा मित्र भेटला. आम्ही त्याला करावेला बोलावले. बोलावताना जीभ जड झाली होती. तो आला. पोलिओनंतर तीस-चाळीस वर्षांनी स्नायूंत नव्याने अशक्तपणा येऊ शकतो आणि अशा वेळी जास्त मेहनत घेतली की नुकसान होते, हे आम्ही वाचले होते. त्याच्या खांद्यांवर ते दिसलेही. म्हणून पाच मिनिटे हालचाल आणि पाच मिनिटे विश्रांती, असा पाठ आखला. तो सुरू होण्यापूर्वी आमच्या एका होतकरू शिक्षिकेने जागा नीट दिसावी म्हणून त्याची कुबडी उचलून भिंतीशी ठेवली. तो शांतपणे म्हणाला, "बाई, ती तिथे ठेवलीत तर आग लागली तरी मला तुमची वाट पाहावी लागेल." कुबडी त्याच्या हाताशी परत आली. इतक्या वर्षांत आमच्या टाचणवहीत ही गोष्ट नव्हती.

तास संपल्यावर त्याने आम्हां चौघांची शाळेतली आसने एकेक करून सांगितली: कोण गुडघा वाकवून कपाळ टेकवत असे, कोण गुरुजींची पाठ वळताच हात खाली सोडत असे. पाच वर्षे तो पाहत होता. त्या वेळी रांगेत यावेसे वाटे का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "रोज." मग पाणी मागितले.

या स्मरणिकेच्या प्रकाशनाच्या दिवशी सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर योगाचा तास आहे. तो तास आमचा हा मित्र खुर्चीवर बसून घेणार आहे. बारा खुर्च्या आम्ही करावेहून आणत आहोत. आणखी काही शाळेतल्या वर्गांतून काढाव्या लागतील. गुडघे, पाठ, डोळे, हृदय, साखर यांपैकी काहीही असले तरी यावे, मात्र आधी आमच्या कानात सांगावे. आणि चपला ज्याने त्याने आपापल्या सांभाळाव्यात.