जोर नको, दम धरा

मासे पकडायला जायचं आणि पहिला अख्खा दिवस पाण्यात गळ टाकायचाच नाही! पचतंय का? फ्लाय फिशिंगची शिकवणी अशीच सुरू होते. हातात नऊ फुटी रॉड, पायाखाली गवत आणि दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा. दहा पावलांवर नदी खळाळत असते आणि आपण तिच्याकडे पाठ करून हवेत दोरी फिरवत असतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस न दिसणाऱ्या घोड्याला चाबूक मारतोय.

हे शिकायला मी गेले होते हिमाचल प्रदेशातल्या तीर्थनच्या खोऱ्यात. मनालीची गर्दी आणि मॉल रोडचे फोटो यांचा कंटाळा आला असेल, तर त्याच कुलू जिल्ह्यातला हा दुसरा कोपरा बघाच. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच डोंगरांत तीर्थनचा उगम होतो. या पार्कला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. नागिणी, गुशैणी अशी छोटी गावं ओलांडत नदी खाली लारजीला येते आणि बियासला मिळते. पाणी असं गार, की पाच मिनिटांत पायांची बोटं आपली वाटेनाशी होतात. ट्राउट माशाला नेमकं हेच लागतं. गार, वाहतं, भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी.

ट्राउट मूळचा इथला नाही. इंग्रज साहेबाला सुट्टीत ओळखीचा मासा हवा होता, म्हणून तो बोटीने आला. ब्राउन ट्राउटची अंडी पहिल्यांदा काश्मीरला पाठवली गेली, ती वाटेतच खराब झाली. पुढची खेप १९०० साली जगली. तिथून १९०९ च्या सुमारास हा मासा कुलूत पोहोचला आणि इथलाच होऊन बसला. साहेब गेला, त्याचा मासा आणि त्याचा छंद मागे राहिला. आता तो छंद होमस्टेवाल्यांच्या आणि गाइडच्या पोटापाण्याचा विषय आहे.

आता मुद्द्याचं. साध्या गळात आणि फ्लाय फिशिंगमध्ये फरक काय? कोकणात गरवायला बसलेला माणूस आठवा. गरीला आमिष, वर शिशाचा तुकडा. ते वजन पाण्याकडे झेपावतं आणि आपल्यामागे दोरी ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं. इथे ‘फ्लाय’ म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. वजन जवळजवळ शून्य. फेकाल तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीतच असतं. प्लॅस्टिकचं आवरण असलेली जाडसर दोरी आधी मागे उडवायची, मग पुढे. ती हवेत उलगडत जाते आणि टोकाचा किडा हलकेच पाण्यावर नेऊन ठेवते. या उडवण्याला म्हणतात कास्ट. बाकी सगळं नंतर.

रॉबर्ट रेडफर्डचा १९९२ सालचा ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ पाहिला असेल, तर ब्रॅड पिटच्या डोक्यावर तरंगणारी ती दोरी आठवत असेल. दिसायला किती सोप्पं! मनगट हललं की झालं. पण पहिले दोन तास ब्रॅड पिट सोडा, डास हाकलणाऱ्या माणसाचीही ऐट आपल्यात नसते.

आमचा गाइड याच खोऱ्यातला, वयाने माझ्याएवढाच, बोलायला मोजका. त्याने समजावलं ते घड्याळावरून. समोर नऊ वाजलेत, डोक्यावर बारा, असं धरा. रॉड दहावरून उचलायचा, वेग वाढवत न्यायचा आणि एकवर खटकन थांबवायचा. थांबायचं म्हणजे थांबायचंच. रॉड थांबला की दोरी त्याला ओलांडून मागे जाते आणि तिचा आडवा ‘यू’ तयार होतो. तो पाठीमागे पूर्ण उलगडला, की दोरी ताणली जाते, रॉड वाकवते आणि त्या वाकण्यातूनच पुढच्या फेकीला ताकद मिळते. मग तसंच पुढे. वेग, आणि दहावर पुन्हा खटकन थांबा.

कागदावर हे चार ओळींत संपतं. हाताला मात्र समजावून सांगता येत नाही. कारण ‘एक’वर थांबल्यावर करायचं असतं काहीच नाही. दोरी मागे जातेय, दिसत नाहीये, आणि आपण हात वर करून नुसतं उभं राहायचं. सेकंदभराचा खेळ. पण मेल आला की तिसाव्या सेकंदाला रिप्लाय ठोकणाऱ्या आपल्या पिढीला हा सेकंद केवढा मोठा वाटतो! हात आपोआप पुढे येतो. मागून चाबकासारखा ‘फट्’ आवाज होतो. गळ असता, तर किडा तुटून झाडीत गेला असता. मग माणूस दुसरं टोक गाठतो, जास्तच थांबतो. दोरी गवतावर लोळते. त्यावर उपाय म्हणून आपण जोर लावतो. जोर लावला की सगळंच बिघडतं, मनगट लुळं पडतं, दोरीचं टोक स्वतःच्याच दोरीत अडकून बारीक गाठी बसतात.

‘दीदी, ज़ोर नहीं. टाइम,’ गाइड दर दहा मिनिटांनी म्हणायचा. मग त्याने एक रबरबँड काढला आणि रॉडचं मागचं टोक माझ्या मनगटाला बांधून टाकलं. आता मनगट मोडायची सोयच उरली नाही. दुसरी युक्ती त्याहून सोपी. मान वळवून मागे बघायचं. दोरी उलगडताना डोळ्यांनी बघितली, की मोजायची गरज पडत नाही. दोरी जितकी लांब सोडाल, तितका थांबा लांब. म्हणजे हा ठोका ठरलेला नाही, दर वेळी दोरीलाच विचारायचा.

जोराबद्दल कुणाला अजून शंका असेल, तर जोन वुल्फ हे नाव लक्षात ठेवा. या अमेरिकन बाईंनी १९५१ साली लांब कास्टची एक स्पर्धा जिंकली आणि त्यात बाकीचे सगळे स्पर्धक पुरुष होते. दंडाचा घेर मोजायचा हा खेळच नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर. इथे नवीनच पंचाईत. गवतावर पाठीमागे मोकळं आकाश होतं, नदीकाठी पाठीला झाडं चिकटलेली. मागे दोरी उडवायला जागाच नाही. मग ‘रोल कास्ट’ शिकायचा. दोरी पाण्यावरून सरकवत हळूच मागे आणायची, रॉडच्या मागे तिचा झोळ पडू द्यायचा आणि एका झटक्यात ती चाकासारखी पुढे लोटायची. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. म्हणून त्याच्या मागून, खालच्या बाजूने जायचं आणि किडा त्याच्या वरच्या अंगाला सोडायचा. लांब फेकीचा मोह नको. आठ-दहा मीटर नीट पडली, तरी या नदीत पुष्कळ.

पण नदीतला खरा बदल गळाचा. लोकरीच्या तुकड्याची जागा आता टोकदार लोखंडाने घेतलेली असते आणि मला प्रश्न पडला. मासा पकडून सोडूनच द्यायचा, तर त्याला हा त्रास द्यायचा कशाला? आपण मासे खाणारी माणसं. खाण्यासाठी पकडलेला मासा समजतो, मजेसाठी पकडलेला समजत नाही. गाइडला विचारलं. तो पकडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करत होता. तसं केलं, की गळ सहज निघतो. म्हणाला, ‘खा लोगे तो एक बार. छोड़ोगे तो यही मछली अगले साल फिर किसी को बुलाएगी.’

त्याचं उत्तर व्यवहाराचं आहे आणि खरंही आहे. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प नकोत म्हणून इथल्या लोकांनी लढा दिला. आज ही नदी धरणांशिवाय वाहते. वाहत्या नदीवर लोक येतात, लोक आले की खोल्या भरतात. तरी पुराला कोण अडवणार? जुलै २०२३ च्या पुराने कुलू जिल्ह्यात हाहाकार केला. तीर्थनमध्ये कितीतरी ओळखीचे डोह दगडगोट्यांनी भरून गेले, असं गाइड सांगत होता. ‘नदी हमें भी दोबारा सीखनी पड़ी,’ हे त्याने इतकं सहज म्हटलं, की पुढचा प्रश्न विचारावासा वाटला नाही.

माझी चुटपुट मात्र पुरती गेली नाही. शिवाय हिमालयाचा स्वतःचा मासा आहे, स्नो ट्राउट. तो आज आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेलाय आणि त्याच्या अडचणींमध्ये पाहुण्या ट्राउटचाही हात आहे. म्हणजे ज्या माशाला आपण जपून सोडतो, तो घरच्या माशाच्या ताटातलं खातोय. हा गुंता एका वीकएण्डमध्ये सुटणारा नाही. नवशिक्याच्या हातात एवढंच, की हात ओले करूनच माशाला धरायचं, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. त्याला पाण्यातच ठेवायचं. आणि फोटोच्या नादात वेळ काढायचा नाही.

माझ्यावर ती वेळ आलीच नाही. दोन दिवसांत एकही मासा लागला नाही. पण दुपारी चारच्या सुमाराला एक कास्ट जमला. हात थांबला, मागे दोरी उलगडली, रॉडला हलकी ओढ बसली, आणि पुढे ती आवाज न करता गेली. किडा पाण्यावर पडला तेव्हा थेंबही उडाला नाही. गाइड नुसता ‘हाँ’ म्हणाला. त्या ‘हाँ’साठी परत जावंसं वाटतंय. आणि हो, ते लोकरीच्या तुकड्यानेही मिळू शकतं. आपल्या शहरातलं कुठलंही मैदान, सकाळी सहाची वेळ, पोरांचे स्टंप लागायच्या आत. मासा नाही, पाणी नाही, कुणाला इजा नाही. शेजारचे मॉर्निंग वॉकवाले काका चौकशी करतील, तेवढी तयारी ठेवा.

कसं जाल? दिल्लीहून रात्रीची मनालीची व्होल्वो पकडा आणि सकाळी औटच्या बोगद्याआधी उतरा. तिथून लारजी, बंजारमार्गे गुशैणी तास-दीड तासावर. विमानाने जायचं तर भुंतर जवळ. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ. म्हणून मार्च ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. राज्याच्या मत्स्यविभागाचं लायसन्स लागतंच, होमस्टेवाले ते काढायला मदत करतात. रॉड-रीळ तिथे भाड्याने मिळतं का, ते आधी विचारून घ्या. टोपी आणि गॉगल न विसरता न्या, ऊन आहे म्हणून नव्हे, तर डोक्यावरून जाणाऱ्या गळापासून डोळे वाचावेत म्हणून. आणि निदान तीन दिवसांची रजा टाका. पहिला दिवस गवतावरच जाणार आहे.