नागपुरात समुद्र, तोही मे महिन्यात

गेले तीन वीकेंड एक्सेल उघडून बसतोय. ऑफिसचं काम नाही हो, घरात समुद्र आणायचाय! लेकीने 'फाइंडिंग निमो' पाहिला, "बाबा, आपल्याकडे निमो आणायचा?" म्हणाली, आणि मी न विचार करता "हो" म्हणून मोकळा झालो.

आता आमचं नागपूर मुंबईपासून रेल्वेने ८३७ किलोमीटर. विदर्भातलं प्रसिद्ध खारं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर. त्याचा पीएच वर्षानुवर्षे १० च्या आसपास असायचा, त्यात मासा जगत नसे. समुद्राचा साधारण ८.१. म्हणजे नुसतं खारट असून भागत नाही, हा पहिला धडा.

टाकी ठरली ३ फूट बाय दीड बाय दीड. साधारण १९० लिटर. लिटरमागे ३५ ग्रॅम, म्हणजे साडेसहा किलोहून जास्त मीठ. तेही स्वयंपाकाचं नाही; कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं खास मरीन सॉल्ट, आणि पाणी आरओचं. इथवर सोपं होतं. पैसे टाका, वस्तू आणा.

मग एक्सेलमध्ये मे महिन्याचा रकाना आला. क्लाउनफिशला हवं २५ ते २७ अंशांचं पाणी, आणि आमचा पारा ४५ च्या वर. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि नेमका तेव्हाच माशाला तो जास्त लागतो. स्वस्त उपाय म्हणजे टाकीवर पंखा. बाष्पीभवनाने पाणी गार होतं. पण हॉलमध्ये आपला कूलर चालू! तो हवा दमट करतो, आणि दमट हवेत पंख्याचा उपयोग फारसा नाही. म्हणजे चिलर आला. चिलर म्हणजे छोटा फ्रिजच, इन्व्हर्टरवर फार वेळ निघणार नाही. दुपारी लाइट गेली तर फक्त पंप चालेल.

ही सगळी चिंता दुकानदाराला सांगितली तर म्हणतो, "सर, सुरू तर करा! मासा जगून जाते. मेला तर दुसरा न्या." वर शोसाठी खऱ्या प्रवाळाचा तुकडाही दाखवला. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ताडोबाचं कौतुक सांगणाऱ्या गावात हे!

"मेला तर दुसरा" हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला तर बॅकअप असतो. इथे काय रिस्टोअर करणार?

तर प्लॅन बदललाय. टाकी एप्रिलमध्ये भरायची. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतातच. चिमूटभर खाद्य टाकून त्यांना पोसायचं. अख्खा मे मासा नाही. रोज दुपारी ३ वाजता तापमान लिहायचं. एकदाही २८ च्या वर गेलं तर या वर्षी निमो नाही. आणि आणलाच तर हॅचरीत वाढवलेला, समुद्रातून पकडलेला नाही. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास केव्हाच जमवलीय.

लेकीला हे सांगितलं. "म्हणजे नुसतं पाणी बघायचं?" म्हणाली आणि फुगून बसली.

तापमानाचा तक्ता मात्र तिनेच फ्रिजवर चिकटवलाय. दोऱ्याने पेन्सिलही बांधलीय.