गुण्यात बसलेला पत्रा

रडारला चकाकी कळत नाही. चिंचेने घासून लख्ख केलेली पितळेची कळशी डोलकाठीला टांगा, दूरच्या जहाजाच्या पडद्यावर तिचा ठिपका जेमतेम उमटेल. कारण ती गोल आहे. गोल वस्तू आलेल्या लहरी दाही दिशांना उधळून टाकते. जिथून त्या आल्या, तिकडे अगदी थोड्या परत जातात. आणि रडारला तर परत आलेलंच दिसतं.

हे मला वर्गात शिकवलं गेलं होतं, पण त्याची गरज घरातून कळली. बाबा तांडेल आहेत. आमची होडी लाकडाची, वरून फायबर. ही दोन्ही रडारच्या लहरी फारशा परतवत नाहीत. इंजिन लोखंडाचं, पण ते खाली, पोटात. रात्री जाळं टाकलं की होडी उभी राहते, एक जण जागा असतो, बाकीचे आडवे होतात. त्याच पाण्यातून मोठी मालवाहू जहाजं जातात. अशाच एका रात्री एका जहाजाने माझ्या मामाच्या होडीला धडक दिली. चार खलाशी वाचले, मामा गेला. जहाज थांबलं नाही. ते कोणतं होतं, हेही समजलं नाही. "त्यांना धक्कासुद्धा जाणवला नसेल," बाबा एवढंच म्हणाले. मला ते वाक्य राहून राहून आठवायचं. आपला माणूस जातो आणि समोरच्याच्या हिशेबात तिथे नुसतं पाणी असतं.

मग मी कोपऱ्याच्या मागे लागले. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात, तो साधा कोपरा. तीन सपाट पत्रे एकमेकांना काटकोनात जोडले, की आत आलेली लहर एकेका पत्र्यावर आपटून नेमकी आल्या दिशेला परत जाते. कोपऱ्याचं तोंड थोडं वाकडं असलं तरी चालतं. नुसता सपाट पत्रा याहून जोरात परतवतो, पण रडारच्या अगदी समोर असेल तेव्हाच. लाटेवर होडी चार अंश कलली की संपलं.

एखादी वस्तू रडारला केवढी वाटते, ते चौरस मीटरमध्ये मोजतात. ३० सेंटिमीटर व्यासाचा धातूचा गोळा ०.०७ चौरस मीटरचा वाटतो. प्रत्येक कड ३० सेंटिमीटर असलेला त्रिकोणी पत्र्यांचा कोपरा, जहाजावरच्या ३.२ सेंटिमीटर लहरींच्या रडारला, सुमारे ३३ चौरस मीटरचा! गोळ्याकडून तेवढंच हवं असेल, तर तो साडेसहा मीटर व्यासाचा करावा लागेल.

असे आठ कोपरे पाठीला पाठ लावून जोडले की सगळ्या बाजूंना तोंडं होतात. वस्तू टोकापासून टोकापर्यंत ६० सेंटिमीटर. बाबांना ती बघताक्षणी नको झाली. "एवढं धूड वर? वारा धरंल, जाळं अडकंल. अर्धं कर."

अर्धं करायला हरकत नव्हती, पण इथे हिशेब निर्दयी आहे. कड अर्धी केली की ठिपका अर्धा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. ३३चे दोन. खवळलेल्या समुद्रात लाटाही रडारवर ठिपके उमटवतात, त्यात ते दोन हरवून जातात. म्हणून आकार ठेवला आणि जागा वाचवली. कोपऱ्यांपैकी एकाचं तोंड सरळ आकाशाकडे करायचं, पावसाचं पाणी साचेल असं. मग उरलेल्यांतले सहा चहूबाजूंना बघतात, आणि उंची ३५ सेंटिमीटर, रुंदी ४९. हे २०० लिटरच्या प्लॅस्टिक ड्रमच्या अर्ध्या तुकड्यात बसतं. प्लॅस्टिकमधून लहरी आरपार जातात, जाळं अडकत नाही, आणि पत्रा टांगता टांगता उलटा होत नाही.

पत्रे जोडले ते होड्या बांधणाऱ्या सुतारकाकांनी. त्यांना मी लहरी वगैरे काही सांगितलं नाही. "काका, गुण्यात पाहिजे," एवढंच. त्यांनी प्रत्येक सांध्याला गुण्या लावून बघितला. काटकोन बिघडला की परतणारी लहर फाटते आणि भलतीकडे जाते. पत्रा जितका मोठा, तितका कोन काटेकोर हवा.

खरी अडचण पुढेच होती. बंदरावरचे एक काका म्हणाले, "पोरी, जहाजाला दिसलो तर गस्तीवाल्यालाही दिसणार की." हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. दिसणं सगळ्यांनाच परवडत नाही. ज्यांना लपायचं, तेही हेच गणित उलटं वापरतात. रडारपासून लपणाऱ्या विमानांच्या अंगावर असे कोपरे मुद्दाम टाळलेले असतात. पण त्यातलंच एफ-२२ शांततेच्या काळात उडताना पोटाखाली ल्युनेबर्ग लेन्स नावाचं लहानसं भिंग लावतं, मुद्दाम दिसावं म्हणून. त्याला कधी दिसायचं आणि कधी नाही, हे ठरवता येतं. रात्री झोपलेल्या खलाशाला ती निवड नसते. काकांना मी इतकंच म्हटलं, की गस्तीवाल्याने धरलं तर माणूस घरी येतो.

या वस्तूच्या मर्यादा मी सगळ्यांना सांगते. जोराच्या पावसात जहाजं बऱ्याचदा १० सेंटिमीटर लहरींच्या रडारकडे वळतात, आणि त्याला आमचा कोपरा साधारण दहावा हिस्साच वाटतो. म्हणून दिवे लावायचेच, एक माणूस जागा ठेवायचाच. आणि तिकडे पडद्यासमोर कुणी बसलेलंच नसेल, तर आपण कितीही मोठे दिसलो तरी उपयोग नाही.

पण याला बॅटरी लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या वाळूवर असतात. या पावसाळ्यात सहा ड्रम कापून झालेत. त्यातला एक त्या गस्तीवाल्या काकांचा. पैसे देताना म्हणाले, "रंग काळा दे. आम्हाला दिसला नाही तरी चालेल."